लक्ष्मी रस्ता चालणाऱ्यांना कायमचा द्या

पुणे महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबर हा पादचारी दिन म्हणून पाळते. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग वाहनांना बंद असतो. बसायला जागा केलेली असते, मुलांचे खेळ असतात, कार्यक्रम होतात. एरवी जीव मुठीत धरून रस्ता ओलांडणारी माणसं त्याच रस्त्याच्या मधोमध उभी राहून निवांत गप्पा मारतात. दुसऱ्या दिवशी दुकानांची शटर वर जायच्या आधीच दुचाकींची रांग परत लागलेली असते.

हा दिवस सुरू केल्याबद्दल महापालिकेचं कौतुकच केलं पाहिजे. पण इतक्या वर्षांनी तो अजूनही एकच दिवस आहे, हे मला खटकतं. चालणं हा वर्षातून एकदा साजरा करायचा सोहळा होऊ शकत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. बेलबाग चौकापासून गरुड गणपती चौकापर्यंतचा लक्ष्मी रस्ता दुकानांच्या वेळेत वर्षभर, रोज, वाहनांना बंद असला पाहिजे. शिवाजी रस्त्याची आणि बाजीराव रस्त्याची आडवी वाहतूक सिग्नलवर सोडता येईल. उरलेला रस्ता पायी येणाऱ्यांचा.

ही मागणी कुठल्या परदेशी शहराची फोटोतली गल्ली पाहून सुचलेली नाही. हा बाजार मुळात पायांनी घडलेला आहे. पुण्याच्या जुन्या पेठा वारांच्या नावांनी ओळखल्या जातात आणि त्यांच्या आत धंद्यांच्या आळ्या आहेत. तांब्यापितळेचं काम तांबट आळीत, घाऊक किराणा आणि घरगुती सामान बोहरी आळीत, विजेचं सामान तपकीर गल्लीत, पुस्तकं अप्पा बळवंत चौकात. एका आळीतून दुसरीत जायला पाच-दहा मिनिटं चालावं लागतं, आणि हे अंतर चालण्याच्याच हिशेबानं पडलेलं आहे. तुळशीबागेतलं राममंदिर पेशवाईतल्या नारो अप्पाजी खिऱ्यांनी बांधलं. देवळाच्या आधारानं पूजेच्या उपकरण्यांची दुकानं आली, मग भांडी आली, बांगड्या आल्या, भातुकली आली. १८८६ साली जवळच मंडईची दगडी इमारत उभी राहिली. भाजीला आलेली बाई देवदर्शन करून, तुळशीबागेतून चार वस्तू घेऊन घरी जाई. लक्ष्मी रस्त्यावरची कापडाची आणि सोन्याची दुकानं भरभराटीला आली ती या येण्याजाण्याच्या जोरावर.

आजही इथली खरेदी कशी होते ते पाहा. लग्नाचा बस्ता बांधायला घरातली पाच-सात माणसं येतात. नवरीचा शालू एका दुकानात ठरतो. मानपानाच्या साड्या दुसरीकडे स्वस्त पडतात. तोपर्यंत कुणाला तरी आठवतं की ब्लाऊजपीस जुळत नाही, म्हणून दोघी जणी साडीचा पदर हातात धरून तिसऱ्या दुकानात रंग लावून बघायला जातात. फॉल-बिडिंगला साड्या टाकायच्या, सराफाकडे मंगळसूत्राच्या वाट्या दाखवायला द्यायच्या, रुखवताचं आणि समईचं बघायला तुळशीबागेत शिरायचं, मधे कुठेतरी मुलांना काहीतरी खायला घालायचं. एका खरेदीत पाच-सहा दुकानं होतात आणि प्रत्येक दुकानाला मागच्या दुकानाकडून गिऱ्हाईक मिळतं. यातलं एक पाऊलही गाडीवरून पडत नाही. गाडीवरून जाणाऱ्याला दुकानाची काच दिसते, पण काचेतला खण दिसत नाही. तो पाहायला थांबावं लागतं, आणि थांबायला जागा लागते.

ती जागा आज कुणाकडे आहे? संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला कुठल्याही साडीच्या दुकानाच्या दारात उभं राहावं. एक बाई दोन पिशव्या आणि एक लहान मूल घेऊन पायरी उतरते. समोरचा फूटपाथ हातभर, त्यातही दुकानाचा पुतळा पुढे आलेला. फूटपाथला लागून दुचाकी एकमेकींना हँडल अडकवून उभ्या. दोन गाड्यांमधून आडवं होऊन निघायचं तर पिशवी आरशात अडकते. ती सोडवेपर्यंत मूल पुढे गेलेलं असतं आणि पलीकडे एकेरी रस्त्यावरून येणारा रिक्षावाला हॉर्न वाजवत असतो. बाई मुलाचा दंड धरून मागे ओढते आणि ओरडते त्या मुलावरच. चूक मुलाची नसते, पण ज्याच्यावर ओरडता येतं असं तिथे तेवढंच एक माणूस असतं. हे दृश्य इतकं रोजचं आहे की आपल्याला त्यात अन्याय दिसेनासा झाला आहे.

या रस्त्यावर पार्किंगला पी-वन, पी-टू असतं. सम तारखेला एक बाजू, विषम तारखेला दुसरी. म्हणजे रस्त्याची एक बाजू वर्षभर उभ्या वाहनांना कायमची देऊन टाकली आहे. एका मोटारीला उभं राहायला साधारण १२ चौरस मीटर, म्हणजे सव्वाशे चौरस फुटांच्या वर जागा लागते. एवढ्याच जागेत या भागात अख्खं दुकान चालतं, आणि त्या दुकानाचं भाडं ऐकून माणूस गप्प बसतो. तीच जागा गाडीला मात्र जवळपास फुकट.

इथे मला जोतीराव फुल्यांची आठवण येते. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना त्यांनी मंडईच्या इमारतीवर एवढा खर्च करायला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर लागावा असं त्यांचं म्हणणं होतं. गव्हर्नर रे यांच्या नावानं बांधलेल्या त्या मंडईला पुढे फुल्यांचंच नाव मिळालं. इमारत चांगली होती की वाईट, हा त्यांचा मुद्दा नव्हता. सगळ्यांच्या मालकीचं जे आहे ते आधी कुणासाठी खर्च व्हायला हवं, असा त्यांचा सवाल होता. आज तो लक्ष्मी रस्त्याच्या रुंदीबद्दल विचारावा लागतो. देशात २०२२ साली रस्त्यांवरच्या अपघातांत ३२,८२५ पादचारी गेले असं केंद्र सरकारच्याच अहवालात आहे. दिवसाला नव्वदाच्या आसपास. पायी चालणारा माणूस रस्त्याच्या हिशेबात शेवटी धरला गेला की काय होतं, ते या आकड्यात आहे.

आता व्यापाऱ्यांच्या बाजूकडे येतो. ती हलक्यात घेण्यासारखी नाही. ऑनलाइन खरेदीनं त्यांचं गिऱ्हाईक नेलं आहे. उपनगरांतल्या मॉलनी आणि मोठ्या शोरूमनी नेलं आहे. मेट्रोच्या कामात या भागातले रस्ते बरीच वर्षं खणलेले होते. अशात गाड्याही बंद केल्या तर आहे तेही गिऱ्हाईक कोथरूडला किंवा सिंहगड रस्त्याला थांबेल, ही त्यांची भीती खरी आहे. तीन पिढ्यांचं दुकान चालवणाऱ्या माणसाला प्रयोग करा म्हणून सांगणं सोपं असतं. प्रयोग फसला तर नुकसान त्याचं होतं.

तरीही ही भीती चुकीच्या गोष्टीची आहे असं मला वाटतं. पुरावा त्यांच्या दुकानापासून दोन मिनिटांवर आहे. तुळशीबागेच्या आतल्या गल्ल्यांत गाडी शिरूच शकत नाही. तिथे पार्किंग नाही, दारात उतरायची सोय नाही, धड दोन माणसं शेजारून जातील एवढी रुंदी नाही. तरी पुण्यातली सगळ्यात गजबजलेली बाजारपेठ कोणती असं विचारलं तर दहातली आठ माणसं तिचंच नाव घेतील. मॉलमध्येही हेच आहे. तिथे गाडी तळघरात पैसे भरून लावावी लागते आणि आत सगळा व्यवहार पायी होतो. व्यापाऱ्यांना ज्या मॉलची धास्ती आहे, तो मॉल म्हणजे वर छप्पर घातलेली वाहनमुक्त बाजारपेठच आहे.

दुकानासमोर लागलेल्या गाड्या गिऱ्हाइकांच्याच असतात, हेही तपासून घ्यायला हवं. सकाळी दहाला जी दुचाकी लागते आणि रात्री नऊला निघते ती गिऱ्हाइकाची नसते. ती मालकाची, सेल्समनची, वरच्या मजल्यावरच्या ऑफिसातल्या माणसाची असते. दुकानात काम करणाऱ्यांना मी दोष देत नाही. लांबून येणाऱ्या कमी पगाराच्या माणसाला दुचाकी ही गरज आहे. पण त्या गाडीनं अडवलेल्या जागेवर दिवसभरात कितीतरी गिऱ्हाईकं येऊन थांबली असती. या गाड्यांसाठी मंडईजवळ मिनर्वा आणि आर्यन ही वाहनतळं आहेत. तिथे दुकानातल्या नोकरांना सवलतीचा मासिक पास देता येईल, आणि तो खर्च महापालिका व व्यापारी मिळून उचलू शकतात.

शिवाय आता मेट्रो आहे. २९ सप्टेंबर २०२४ ला सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा भुयारी मार्ग सुरू झाला आणि कसबा पेठ व मंडई ही दोन स्थानकं या बाजाराच्या अंगणात आली. पिंपरीहून निघालेली बाई मंडईच्या दारात वर येते. एवढा खर्च करून माणसाला इथवर आणायचं आणि जिना चढून वर आल्यावर त्याला दुचाकींच्या गर्दीत सोडून द्यायचं, हे मला पटत नाही. वाहनमुक्त रस्त्याची मागणी दहा वर्षांपूर्वी केली असती तर ‘मग यायचं कसं’ या प्रश्नाला धड उत्तर नव्हतं. आज आहे.

कोपनहेगन शहरातल्या स्ट्रॉएट या रस्त्याची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे, कारण ती आपल्याशी नको इतकी जुळते. शहराच्या मध्यातला तो एक किलोमीटरहून थोडा जास्त लांबीचा बाजाररस्ता. नाताळच्या दिवसांत गर्दीमुळे तो वाहनांना बंद करायची तिथे आधीपासून पद्धत होती. १७ नोव्हेंबर १९६२ ला तो प्रयोग म्हणून बंद केला आणि नाताळ संपल्यावर उघडलाच नाही. तिथल्या दुकानदारांनीही हेच म्हटलं होतं की धंदा बसेल. रस्त्यात रेंगाळणं ही इटलीतल्या लोकांची सवय, आपल्याकडच्या थंडीत ते कोण करणार, असंही म्हटलं गेलं. १९६४ मध्ये तो कायमचा पादचारी रस्ता झाला. आजही आहे. पुढच्या काळात त्या शहरानं मध्यवर्ती भागातलं पार्किंग एकदम न काढता दरवर्षी थोडं थोडं कमी केलं, आणि लोकांना त्याची सवय होत गेली.

आपल्याकडे तर नाताळच्या दोन-चार दिवसांपेक्षा मोठा आधार आहे. गणेशोत्सवात संध्याकाळनंतर या भागातले रस्ते वाहनांना बंद असतात. विसर्जनाच्या मिरवणुकीला लक्ष्मी रस्ता चोवीस तासांहून जास्त वेळ माणसांच्या ताब्यात असतो. दिवाळीच्या आधी गर्दी वाढली की पोलीस वाहतूक वळवतात. म्हणजे वर्षातला सगळ्यात जास्त धंदा ज्या दिवसांत होतो, त्याच दिवसांत हा रस्ता गाड्यांशिवाय चालतो. गर्दी हवी असते तेव्हा आपण गाड्या बाजूला काढतो, हे या शहराला कुणी शिकवावं लागलेलं नाही.

पण रस्ता बंद केला की झालं, असंही नाही. अमेरिकेत कालामझू नावाच्या शहरानं १९५९ साली मुख्य बाजाररस्ता पादचाऱ्यांना दिला. त्या देशातला तो पहिलाच. त्याचं पाहून अनेक शहरांनी असे रस्ते केले आणि त्यातले बहुतेक पुढे ओस पडले. कालामझूतही १९९८ मध्ये गाड्या परत आल्या. कारण मध्यवर्ती भागात राहणारी माणसं उपनगरांत निघून गेली होती आणि यायला गाडीशिवाय दुसरं साधन नव्हतं. दुकानं बंद झाली की संध्याकाळी रस्त्यावर चिटपाखरू नसे. पेठांमध्ये आज माणसं राहतात, हे आपलं सगळ्यात मोठं भांडवल आहे. ते मात्र झिजतं आहे. वाड्यांच्या जागी इमारती आल्या, खालचे मजले गोदामांना गेले, मुलं कोथरूड-बाणेरला गेली, मागे आजी-आजोबा राहिले. त्यामुळे वाहनमुक्त रस्त्याची योजना करताना पहिला विचार इथल्या रहिवाशांचा व्हायला हवा. त्यांच्या गाड्यांना पास, रुग्णवाहिकेला आणि अग्निशमनाच्या बंबाला मोकळी वाट, म्हाताऱ्या माणसांना दारापर्यंत नेणारी छोटी विजेवरची गाडी. यातलं काही राहिलं तर योजनेला विरोध करणारे पहिले तेच असतील आणि त्यांचं बरोबर असेल.

दिल्लीच्या चांदणी चौकाचा धडा वेगळा आहे. लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा रस्ता २०२१ मध्ये नव्यानं बांधून सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारवाहनांना बंद केला. दगड बसवले, खांब रोवले, बाकं केली. काम देखणं झालं, पण रोजची राखण ढिली पडली आणि दुचाकी परत घुसायला लागल्या. नियमाला रोज उभा राहणारा माणूस नसेल तर दगडाचा काही उपयोग नाही. म्हणून मला लक्ष्मी रस्त्यावर आधी फरशी, मग नक्षी, मग उद्घाटन हा क्रम नको आहे. आधी अडथळे आणि त्यांच्याजवळ वाहतूक पोलीस व वॉर्डन. फरशीचं वर्षभरानं बघू. मालाचे टेम्पो सकाळी दहाच्या आत किंवा रात्री नऊनंतर येतील. घाऊक बाजाराला ही वेळ नवी नाही.

पथारीवाल्यांबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. असे रस्ते ‘सुंदर’ करताना पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर पडते. अतिक्रमण विभागाची गाडी येते, टोपल्या उचलते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं त्यांना संरक्षण दिलं आहे. विक्रीच्या जागा ठरवणाऱ्या समितीत निदान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांचेच असावेत असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. गाड्या काढून मोकळ्या झालेल्या जागेचा एक आखलेला पट्टा अधिकृत पथारीवाल्यांना द्यावा आणि बाकीची जागा खरोखर मोकळी राहील हे त्यांच्याच समितीकडून पाळून घ्यावं. केसांच्या पिना, रुमाल, गजरे विकणाऱ्या बाईला हुसकावून तिथे कॉफीच्या साखळी दुकानाच्या खुर्च्या मांडायच्या असतील तर तो रस्ता मला नको. दुकानांची भाडी वाढून जुने कापडवाले बाहेर जाण्याचा धोकाही आहेच, आणि त्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढं सांगता येईल की आजच्या कोंडीतही ते टिकून राहतील याची काही खात्री नाही.

दोन गोष्टी स्वस्त आहेत आणि तरी होत नाहीत. एक, स्वच्छतागृहं. तीन-चार तास खरेदी करणाऱ्या बायका या भागात पाणी पिणं टाळतात, हे पुण्यातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. त्यावर कुठल्या सभेत तावातावानं चर्चा झालेली मी ऐकलेली नाही. दर दोनशे-तीनशे मीटरवर स्वच्छ, पाणी असलेलं, राखण असलेलं स्वच्छतागृह हवं. हुजूरपागेसारखी शाळा १८८४ पासून ज्या भागात मुलींना शिकवते आहे, तिथे एवढी अपेक्षा जास्त नाही. दुसरी गोष्ट पार्किंगचे दर. कुमठेकर, केळकर आणि टिळक रस्त्यांवर गाड्यांचा लोंढा जाईल हा आक्षेप रास्त आहे. पण रस्त्यावर फुकट आणि वाहनतळात पैसे, असं असेल तर लोंढा रस्त्यावरच राहणार. महापालिकेनं २०१८ मध्ये पार्किंगचं धोरण मंजूर केलं होतं. त्यावर आरडाओरडा झाला आणि अंमलबजावणी रखडली. ते बाहेर काढल्याशिवाय शेजारचे रस्ते वाचणार नाहीत. पक्ष कुठलाही असो, नगरसेवकांनी या एका मुद्द्यावर वाईटपणा घ्यायला हवा.

सुरुवात कधी करायची, याचं उत्तर पुण्याच्या पंचांगातच आहे. गणपतीत बंद झालेला रस्ता अनंत चतुर्दशीनंतर उघडायचा नाही. लगेच पितृपक्ष लागतो. त्या पंधरवड्यात कापड आणि सोन्याचा धंदा तसाही थंड असतो, तेव्हा व्यवस्थेतल्या चुका सापडतील आणि दुरुस्त करता येतील. टेम्पोच्या वेळा, पास, वॉर्डनच्या पाळ्या तेवढ्यात बसवून घ्याव्यात. मग नवरात्र, दसरा, दिवाळी. या काळात रस्त्यावर येणाऱ्या माणसांची मोजणी महापालिकेनं करावी आणि ती रोज जाहीर करावी. भाऊबीज झाली की व्यापाऱ्यांनी आपल्या वह्या उघडाव्यात, आदल्या वर्षीच्या त्याच दिवसांची विक्री शेजारी ठेवावी, आणि ते आकडे घेऊन महापालिकेसमोर बसावं.